एक पंखा आणि तीन मागण्या : इंजिन बदललेल्या जुन्या मोटारगाडीतील वातानुकूलनाचे वायरिंग

जुन्या मोटारगाडीत नव्या काळाचे इंजिन बसविण्याचा छंद अमेरिकेत गेली अनेक वर्षे चांगला मूळ धरून आहे. गाडीचा पत्रा, तिची ठेवण आणि बैठक १९६० नंतरच्या दशकातील. बॉनेटखाली मात्र तीस वर्षांनंतर घडविलेले इंजिन, असा हा संयोग असतो. प्रस्तुत विवेचनासाठी त्यांपैकी एक परिचित जोडी घेतली आहे. गाडी १९६९ सालची शेवरोले कॅमारो, आणि इंजिन त्याच नावाच्या १९९८ ते २००२ ह्या काळातील गाडीतून काढलेले 'एलएस-१'. ॲल्युमिनियमचे हे ५.७ लिटरचे इंजिन प्रथम १९९७ सालच्या कॉर्व्हेट गाडीत आले. इंजिनाबरोबर त्याचा नियंत्रक संगणक आणि तारांचा जुडगाही जुन्या गाडीत येतो.

इंजिन जागेवर बसते, सुरू होते, गाडी रस्त्यावर उत्तम धावते. येथपर्यंतचे काम बहुधा पार पडते. अडचण उद्भवते ती वातानुकूलन यंत्र बसविल्यानंतर, आणि तीही गाडी उभी असताना. भर उन्हात सिग्नलपाशी गाडी थांबली आहे, आतील हवा हळूहळू कोमट होत आहे, पाण्याच्या तपमानाचा काटा वर चढत आहे आणि रेडिएटरमागील पंखा निश्चल आहे, असे दृश्य दिसते. पंखा बिघडलेला नसतो. बॅटरीही चांगली असते. पंख्यास फिरण्याविषयी कोणी सांगितलेलेच नसते, अथवा दोघांनी सांगितलेले एकमेकांस छेदून गेलेले असते. पंख्याने केव्हा फिरावे आणि हे त्यास कोणी सांगावे, हाच ह्या वायरिंगमधील खरा प्रश्न होय.

१. परिणामाकडून आज्ञेकडे

१९६९ च्या कॅमारोत हा प्रश्न उपस्थितच होत नव्हता. पंखा पाण्याच्या पंपाच्या टोकावर बसविलेला असे आणि पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाबरोबर फिरे. त्याची गती इंजिनाच्या गतीशी बांधलेली होती. पुष्कळ गाड्यांत पंखा आणि पंप यांच्यामध्ये एक चिकट द्रवाचा क्लच असे. तो हवा गरम झाली म्हणजे पंख्यास घट्ट धरी आणि थंड झाली म्हणजे सैल सोडी. परंतु तेथेही तार नव्हती, स्विच नव्हता, आणि कोणी कोणास काही कळविण्याचा प्रसंगही नव्हता.

१९९८ च्या कॅमारोत रेडिएटरमागे विजेवर चालणारे दोन पंखे आहेत. इंजिन चालू असूनही ते थांबलेले असू शकतात. संगणक पाण्याचे तपमान, गाडीचा वेग आणि वातानुकूलनाची स्थिती पाहून त्यांना सुरू करतो. पूर्वी पंख्याचे फिरणे हा इंजिन फिरण्याचा परिणाम होता. आता तो एका आज्ञेचा परिणाम झाला. परिणाम आपोआप घडतो. आज्ञा मात्र दिली जावी लागते, पोहोचावी लागते आणि तिचा योग्य अर्थ घेतला जावा लागतो. ह्या तीनही ठिकाणी चूक होऊ शकते. जुन्या गाडीत नवे इंजिन बसविणाऱ्याने हा फरक मनात पक्का केला नाही, तर पुढील सर्व खटाटोप अंदाजाने चालतो.

२. तीन मागण्या कोणत्या

पहिली मागणी इंजिनातील पाण्याची. एलएस-१ चा थर्मोस्टॅट सुमारे ८६ अंश सेल्सियसला उघडू लागतो. पाणी व ग्लायकॉल यांचे निम्मेनिम मिश्रण, दर चौरस इंचास १५ पौंड दाब धरणाऱ्या झाकणाखाली, सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. ह्या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेवढीच इंजिनाची सुरक्षितता. ते ओलांडले गेले, तर ॲल्युमिनियमची हेड वाकू शकतात आणि त्यांखालील गॅस्केट फुटून पाणी व जळते वायू एकमेकांत मिसळू लागतात. मग दुरुस्ती काही तारांची राहत नाही; इंजिन उघडावे लागते.

दुसरी मागणी प्रशीतकाच्या दाबाची. वातानुकूलनाचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसविलेला असतो. गाडीच्या आतून उचललेली उष्णता तो बाहेरील हवेत टाकतो, आणि तीच तापलेली हवा पुढे रेडिएटरवर जाते. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा दोघांनाही पुरतो. गाडी थांबली की वारा थांबतो, परंतु कॉम्प्रेसर थांबत नाही. आर-१३४ए हा प्रशीतक ६० अंशांवर द्रवरूप होत असेल, तर दाबमापकावर दर चौरस इंचास सुमारे २३० पौंड दाब दिसतो. कंडेन्सरवरून हवा वाहिली नाही, तर तो त्याहूनही झपाट्याने चढतो. ॲरिझोनातील फीनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियस, किंवा त्याहून अधिक तपमान नोंदले गेले. अशा हवेत उभ्या गाडीचा कंडेन्सर पंख्यावाचून काही मिनिटेही काम करू शकत नाही.

तिसरी मागणी आगाऊ सूचनेच्या स्वरूपाची आहे. चालकाने वातानुकूलनाचे बटण दाबले, कॉम्प्रेसरचा क्लच जोडला गेला, एवढ्यावरूनच आता उष्णता वाढणार हे निश्चित होते. दाब चढण्याची वाट न पाहता मंद गतीने पंखा सुरू करणे हे ह्या मागणीचे उद्दिष्ट.

ह्या तीन मागण्या वरकरणी एकच वाटतात, पण त्या एक नव्हेत. उन्हात उभी असलेली गाडी नुकतीच सुरू केली, तर पाण्याचे तपमान अद्याप ८० अंशांखाली असते. पाण्याची मागणी नाही म्हणून संगणक स्वस्थ असतो. प्रशीतकाचा दाब मात्र त्याच वेळी चढत असतो. उलटपक्षी, वातानुकूलन बंद ठेवून घाट चढणाऱ्या गाडीत पाणी तापलेले असते आणि प्रशीतक शांत असतो. म्हणून नियम असा ठरतो : तिघांपैकी कोणाही एकाने मागणी केली की पंखा फिरावा, आणि एकाच्या मौनाने दुसऱ्याची मागणी रद्द होऊ नये. व्याकरणाच्या भाषेत, येथे 'आणि' नव्हे तर 'किंवा' हवा. तारांची सारी जुळणी म्हणजे हा 'किंवा' प्रत्यक्षात उतरविणे होय.

३. रिले आणि त्याची संख्यानामे

मोठा पंखा फिरताना २० ते ३० अँपियर प्रवाह घेऊ शकतो, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहून कितीतरी अधिक. संगणकाच्या किंवा लहान दाबस्विचाच्या अंगी एवढा प्रवाह वाहून नेण्याची शक्ती नसते. म्हणून मध्ये रिले घालतात. रिलेमध्ये तारेचे एक वेटोळे असते. त्यातून अँपियरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह गेला की त्याचे लोहचुंबक बनते, आणि ते जाड संपर्क ओढून मोठा प्रवाह जोडते. सांगणारा मार्ग आणि करणारा मार्ग हे दोन्ही रिलेत एकत्र असूनही विद्युत्दृष्ट्या एकमेकांपासून अलग असतात. हे अलगपण पुढे फार उपयोगी पडते.

रिलेच्या पायांवरील आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ ह्या मानकातून आले आहेत. ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. ३० येथे बॅटरीकडून वीज येते. ८७ येथून ती पंख्याकडे जाते. आणि रिले निष्क्रिय असताना ३० ज्याला जोडलेला असतो तो पाय म्हणजे ८७ए. नवशिक्या कारागिरास ३० म्हणजे तीस अँपियर असे वाटण्याचा संभव असतो. परंतु हे आकडे परिमाणे नव्हेत. ती केवळ नावे होत, आणि त्यांचा अर्थ संकेताने ठरलेला आहे.

३० ह्या पायाची वीज फ्यूजमार्गे थेट बॅटरीकडून घ्यावी. वेटोळ्याची वीज चावी फिरविल्यावरच मिळणारी असावी. दोन्ही चावीच्या एकाच तारेवरून घेतल्या, तर एक विचित्र प्रकार घडू शकतो. चावी बंद केल्यावरही पंखा आपल्या गतीने क्षणभर फिरत राहतो आणि त्या वेळी तो जनित्रासारखा वीज निर्माण करतो. ती वीज अजून मिटलेल्या संपर्कातून उलट येऊन रिलेस आणि त्या तारेवरील इतर यंत्रणेस थोडा वेळ जागे ठेवते. चावी काढूनही इंजिन लगेच बंद न होण्याचे कारण कधीकधी हेच असते.

४. अभावाचे चिन्ह

संगणक पंखा कसा सुरू करतो, ह्याविषयी पुष्कळांचा समज चुकीचा असतो. तो रिलेकडे वीज पाठवीत नाही. वेटोळ्याच्या एका टोकास चावीची वीज आधीच मिळालेली असते. संगणक दुसरे टोक अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या ऋण बाजूस, जोडून देतो. आज्ञा नसताना त्या तारेवर बॅटरीइतका दाब दिसतो. आज्ञा दिली की तो शून्यावर येतो. म्हणजे येथे दाबाचा अभाव हेच 'फिर' असे सांगणारे चिन्ह आहे. भाषाभ्यासकास ह्यात नवल वाटू नये. पाणिनीने न दिसणाऱ्या घटकासही 'लोप' ही संज्ञा देऊन व्याकरणात स्थान दिले. जेथे काहीतरी अपेक्षित आहे तेथे ते नसणे, हेही अर्थवाही असते.

दाबस्विचाचे असे नाही. जुन्या गाड्यांच्या वातानुकूलनात एक त्रिविध दाबस्विच वापरतात. दाब सुमारे ३० पौंडांखाली गेला, म्हणजे प्रशीतक गळून गेला असावा, असे मानून तो कॉम्प्रेसर तोडतो. ४०० पौंडांच्या आसपास गेला तर स्फोटाचा धोका टाळण्यासाठी पुन्हा तोडतो. आणि सुमारे २५० पौंडांस पंख्यासाठी असलेले दोन वेगळे संपर्क एकमेकांस जोडतो. हे दोन संपर्क स्वतः ना धन असतात ना ऋण. त्यांपैकी एकास बॅटरीची वीज दिली तर दुसऱ्यातून वीज येईल. अर्थिंग दिले तर अर्थिंग मिळेल. चिन्हास अर्थ जोडणारा देतो. म्हणून दोन तारा एकत्र गुंफण्यापूर्वी त्या प्रत्येकीची 'होय' म्हणण्याची रीत कोणती आहे, हे तपासणे अवश्य आहे. एक तार वीज देऊन 'होय' म्हणते आणि दुसरी अर्थिंग देऊन. त्या सरळ जोडल्या तर निष्पन्न होतो तो संवाद नव्हे, शॉर्टसर्किट.

५. वीज दिल्याने पंखा थांबतो तो कसा

कारखान्यातील मूळ मांडणी समजून न घेता तीत तार घातल्यास काय होते, ह्याचे एक उदाहरण मुळातून पाहण्याजोगे आहे. १९९८ च्या कॅमारोत दोन पंखे तीन रिलेंनी चालविले जातात. मंद गतीसाठी पहिला रिले पहिल्या पंख्यास वीज देतो. त्या पंख्यातून बाहेर पडलेली वीज दुसऱ्या रिलेच्या ८७ए पायातून दुसऱ्या पंख्यात जाते आणि तेथून अर्थिंगला पोहोचते. दोन्ही पंखे एका माळेत आल्यामुळे प्रत्येकास सुमारे निम्मा दाब मिळतो. ते सावकाश व शांतपणे फिरतात. जलद गतीसाठी संगणक दुसरा व तिसरा रिलेही ओढतो. दुसरा रिले पहिल्या पंख्यास थेट अर्थिंग देतो, तिसरा दुसऱ्या पंख्यास थेट वीज देतो, आणि दोघांनाही पूर्ण दाब मिळतो.

आता असे समजू की वातानुकूलन बसविणाऱ्याने, दाब वाढला म्हणजे अधिक वारा मिळावा ह्या सद्‌हेतूने, दाबस्विचावर चालणारा एक स्वतंत्र रिले घेतला आणि त्याची वीज दुसऱ्या पंख्याच्या धन टोकास जोडली. पंखे त्या वेळी मंद गतीने चालत आहेत. दुसऱ्या पंख्याच्या धन टोकास बॅटरीचा दाब आला. परंतु ते टोक ८७ए मार्गे पहिल्या पंख्याच्या ऋण टोकास जोडलेले आहे, आणि पहिल्या पंख्याच्या धन टोकासही बॅटरीचाच दाब आहे. दोन्ही टोकांस समान दाब असला म्हणजे प्रवाह वाहत नाही. दुसरा पंखा पूर्ण वेगाने धावू लागतो आणि पहिला थांबतो. ज्या क्षणी वाऱ्याची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच क्षणी अर्धा रेडिएटर वाऱ्यावाचून राहतो. प्रत्येक तार जागेवर घट्ट बसलेली असते, प्रत्येक फ्यूज शाबूत असतो, आणि तरीही दोष असतो. कारण तो तारेत नसून तारांच्या परस्परसंबंधात असतो.

६. दोन निर्धोक मार्ग

ह्यातून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आणि अधिक चांगला मार्ग म्हणजे संगणकास वातानुकूलनाची वार्ता देणे. मूळ गाडीत ती व्यवस्था होतीच : बटणाची मागणी संगणकाकडे जाई, प्रशीतकाचा दाब मोजणारा संवेदक त्यास दाब कळवी, आणि पंख्यांविषयीचा निर्णय तोच घेई. जुन्या गाडीतही मागणीची तार आणि दाबाचा संवेदक संगणकापर्यंत नेता येतो. संगणकाच्या आज्ञावलीत वातानुकूलनाचा भाग चालू आहे आणि संवेदक बसविला असल्यास त्याची नोंद तेथे आहे, हे मात्र पाहावे लागते. ह्याचा आणखी एक लाभ असा, की कॉम्प्रेसरचा भार येणार हे आधी कळल्यामुळे संगणक इंजिनास थोडी अधिक हवा देतो आणि उभ्या गाडीत इंजिन अडखळत नाही.

दुसरा मार्ग संगणकास काही कळविणे शक्य नसेल तेव्हाचा. त्यात माळेची मांडणी सोडून द्यावी. दोन्ही पंख्यांची ऋण टोके कायमची अर्थिंगला जोडावीत आणि प्रत्येक पंख्यास आपापला रिले द्यावा. ते दोन रिले संगणक ओढील. दाबस्विचासाठी तिसरा रिले घेऊन त्याचा ८७ हा पाय एका पंख्याच्या रिलेच्या ८७ पायास जोडावा आणि दोघांची ३० ची वीज एकाच फ्यूजमधून घ्यावी. आता ह्या दोन रिलेंपैकी कोणताही ओढला गेला तरी पंखा फिरतो. दोन्ही ओढले गेले तरी काही बिघडत नाही. हाच तो 'किंवा'.

हा 'किंवा' संपर्कांच्या बाजूस साधावा, वेटोळ्याच्या बाजूस नव्हे. एकाच वेटोळ्याची तार संगणकास आणि दाबस्विचास अशी दोघांना जोडण्याचा मोह होतो, कारण त्यात एक रिले वाचतो. परंतु संगणक आपल्या तारेवर लक्ष ठेवून असतो. स्वतः आज्ञा दिली नसताना तीवर शून्य दाब दिसला, तर तार कोठेतरी घासून अर्थिंगला लागली असा निष्कर्ष तो काढू शकतो आणि इशाऱ्याचा दिवा लावू शकतो. मध्ये डायोड घालून दोन मार्ग विभक्त करता येतात. पण मग त्या तारेवर अपेक्षित दाबही दिसेनासा होऊ शकतो, आणि संशय पूर्णपणे फिटत नाही. दोघांस दोन वेटोळी दिली की हा वाद मुळातच उरत नाही.

७. तार, फ्यूज आणि अर्थिंग

मागण्यांचा मेळ बसला तरी वीज वाहणारी सामग्री दुबळी असून चालत नाही. अमेरिकन मापाची १४ क्रमांकाची तार चार मीटर लांब घेतली आणि तीतून ३० अँपियर नेले, तर सुमारे एक व्होल्ट तारेतच खर्च होतो. १० क्रमांकाच्या जाड तारेत तो खर्च ०.४ व्होल्टवर येतो. गेलेला व्होल्ट नाहीसा होत नाही. तो तार तापविण्यात जातो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, आणि तो तारेच्या जाडीवरून निवडावा. फ्यूज पंख्याचे रक्षण करण्यासाठी नसून तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. फ्यूजपूर्वीची तार पत्र्यावर घासली गेली, तर आग लागण्यावाचून तिला थांबविणारे दुसरे काही नसते.

वीज पुरविणाऱ्या यंत्राचाही विचार हवा. साठच्या दशकातील अनेक शेवरोले गाड्यांचा अल्टरनेटर ३७ अँपियरचा होता. दोन पंखे मिळूनच तेवढा प्रवाह घेतात. मग दिवे, क्लच आणि इंजिनाची प्रज्वलनव्यवस्था यांना काय उरणार? नव्या इंजिनाबरोबर येणारा शंभराहून अधिक अँपियरचा अल्टरनेटर ही अडचण दूर करतो. परंतु त्याची वीज बॅटरीकडे नेणारी तार जुनी आणि बारीकच ठेवली, तर लाभ होत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अर्थिंग. जुन्या पत्र्यावर रंगाचे थर आणि गंज असतो, आणि इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्यामुळे ते सांगाड्यास विद्युत्दृष्ट्या जोडलेले असेलच असे नाही. बॅटरीचे ऋण टोक, इंजिन आणि सांगाडा हे तिन्ही जाड पट्ट्यांनी परस्परांस जोडावेत, आणि जोडाखालील रंग धातू दिसेपर्यंत खरवडावा. पंखा चालू असताना त्याच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर लावला, तर फार तर एक-दोन दशांश व्होल्ट दिसावेत. अधिक दिसल्यास परतीचा मार्ग खराब आहे असे समजावे.

८. परीक्षण आणि आराखडा

जोडणी पुरी झाल्यावर प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे तपासावी. प्रथम वातानुकूलन बंद ठेवून इंजिन तापू द्यावे आणि पंखा संगणकाच्या आज्ञेने सुरू होतो का ते पाहावे. नंतर इंजिन थंड असताना दाबस्विचाची पंख्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडावीत; पंखा तत्काळ फिरावयास हवा. शेवटी दोन्ही मागण्या एकाच वेळी द्याव्यात, आणि कोणताही पंखा मंदावत किंवा थांबत नाही ना, ह्याकडे विशेष लक्ष द्यावे. पाचव्या भागात वर्णिलेला दोष केवळ ह्या तिसऱ्या परीक्षेतच उघड होतो. पुष्कळ जण पहिल्या दोन परीक्षांवर थांबतात आणि तिसरी परीक्षा भर उन्हात रस्त्यावर होते.

ह्याबरोबर एक आराखडा काढून गाडीत ठेवावा : कोणत्या तारेचा रंग कोणता, ती कोठून निघते, आणि ती 'होय' कशी म्हणते, वीज देऊन की अर्थिंग देऊन. कारखान्यात बनलेल्या गाडीचे वायरिंग छापील पुस्तकात मिळते. १९६९ ची गाडी, १९९८ चे इंजिन आणि त्याहून नवे वातानुकूलन यांचा मेळ ज्या गाडीत घातला आहे, तिचे पुस्तक मात्र जगात कोठेही नसते. ते ज्याने जोडणी केली त्याच्या स्मरणात असते. आणि गाडी बहुधा त्या स्मरणाहून अधिक वर्षे टिकते. पुढे कधीतरी एखादा अनोळखी कारागीर बॉनेट उघडून त्या तारांकडे पाहील, तेव्हा त्याच्या हाती असा एक कागद असला, तर त्यास अंदाजाने तार तोडण्याची पाळी येणार नाही.